सडेखोलचा आवाज

बुकित बातोक, सिंगापूर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय देवदत्तमामा,

वाकून नमस्कार केलाय असं समज. ई-मेलला पत्राचा मान देणारा आपल्याकडे तू एकटाच उरलास, म्हणून गाव-तारीख घालून लिहितेय. शिंक कशी आहे तुझी? गेल्या वर्षी इथं आलास, आमच्या घरामागच्या जुन्या खाणीच्या तळ्यावर फिरायला गेलो आणि तू शिंकलास, ते तुझी नात गार्गी अजून मैत्रिणींना करून दाखवते. समोरच्या ग्रॅनाइटच्या कड्यावरून आवाज परत आला तेव्हा बाकावरच्या चिनी आजोबांनी आधी आभाळाकडे पाहिलं होतं.

असो. खरं म्हणजे काम आहे. मी ज्या कन्सल्टन्सीत आहे, जुरोंग ईस्टला, तिथं आम्ही खाणींच्या परवानग्यांसाठी लागणारे अहवाल तयार करतो हे तुला माहीत आहे. माझ्याकडे त्यातलं माणसांचं प्रकरण असतं: खाणीच्या आजूबाजूला कोण राहतं, कुठलं पाणी पितं, कशानं दचकतं. आजवर लाओस, इंडोनेशिया केलं. आता पहिल्यांदाच आपल्या कोकणातली एक खाण आली आहे. दगडातून सिलिका काढायची, काचेसाठी. जागेचं नाव सांगायची मला परवानगी नाही, आणि तूही विचारू नकोस. पण तू जन्मभर जिल्ह्याच्या खनिकर्म कार्यालयात बसलास, तेव्हा आपल्याकडे या परवानग्यांची चाल कशी असते ते मला नीट समजावून सांग.

आणि एक कोडं आहे. खाणीच्या जागेला लागून तीसेक घरांची वाडी आहे. डिसेंबरात आमची सर्वेक्षणाची माणसं गेली तेव्हा तिथं एकही माणूस नव्हता. शाळेच्या ओट्यावर आवाज मोजायचं यंत्र दिवसरात्र ठेवलं, तर आकडे इतके कमी की मिस्टर कोह यांनी, आमच्या मोठ्या साहेबांनी, यंत्र बिघडलं होतं का ते विचारलं. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ऐटीत सांगितलं, "कोकणातली माणसं मुंबईला असतात. घरं बंद. गणपतीला आणि शिमग्याला येतात." सगळ्यांना पटलं. आमचे प्रोजेक्टप्रमुख रवींद्र सर मुंबईचेच, त्यांनीही मान डोलावली आणि म्हणाले, हेच वाक्य अहवालात घाल. मी घातलं. पण तेव्हापासून चुकचुकल्यासारखं होतंय. तीस घरांत एकही म्हातारं माणूस नसावं?

तुझी,
अश्लेषा


कुडाळ
२३ फेब्रुवारी २०२५

चि. अश्लेषा,

आशीर्वाद, गार्गीला एक जास्तीचा. शिंक ठणठणीत आहे. बाकीच्या देहाची हमी देत नाही.

परवानग्यांचं सांगतो. जमिनीखालचा दगड कुणाचा आणि वरची जमीन कुणाची, इथून सुरुवात. मग खाणपट्टा. मग आराखडा, म्हणजे कुठून खणणार, किती खोल जाणार, निघालेली माती कुठं टाकणार आणि सगळं संपल्यावर खड्ड्याचं काय करणार. या शेवटच्या प्रश्नाला सगळे "झाडे लावणार" असं लिहितात. मग पर्यावरण मंजुरी, आणि तिच्या पोटात जनसुनावणी. त्यानंतर प्रदूषण मंडळाच्या दोन संमती, एक खाण उभारायला आणि एक चालवायला. मध्ये जंगल आलं तर त्याचं निराळं. लग्नात प्रत्येक मानकऱ्याला नारळ द्यावा लागतो ना, तसं. एकाचा राहिला की मांडवात रुसवा.

पण मुद्द्याचं ऐक. तुझ्या त्या वाडीत माणसं राहतात की नाहीत यावर निम्मी खाण अवलंबून आहे. वस्ती असली की सुरुंग लावायची हद्द तिच्यापासून मागे सरकते. जनसुनावणीत त्या लोकांना बोलवावं लागतं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं लागतं. वस्ती नसली की यातलं काहीच नाही. म्हणून तुझं मुंबईचं वाक्य वाटतं तितकं साधं नाही.

वाक्य खोटं आहे असंही नाही. अशा कुलूपबंद वाड्या मी पाहिल्या आहेत. पण तिथंसुद्धा एखादी म्हातारी असते, आणि ती नसली तरी कुत्रा असतो. चाकरमानी मुंबईला जातो, कुत्रा जात नाही. फोटोत कुत्रा आहे का बघ. कोंबड्या आहेत का? गोठ्यात शेण ताजं आहे का? तुळशीला पाणी घातलेलं दिसतं का?

आता माझंच डोकं चालायला लागलं. घरात बसून शब्दकोडी सोडवण्यापेक्षा हे बरं आहे. लवकर लिही.

तुझा मामा,
देवदत्त


बुकित बातोक
२ मार्च २०२५

प्रिय मामा,

कुत्रा नाही!

सगळे फोटो मोठे करून पाहिले, आमच्या नवरोबांना, अमेयलाही बसवलं. कुत्रा नाही, मांजर नाही, एक कोंबडी नाही. गोठे रिकामे, पण शेण ओलं. खळी अशी सारवलेली की बोटांच्या रेषा दिसतात. तुळस टवटवीत, वृंदावनाखालची माती भिजलेली. एका पडवीत जळाऊ लाकडं रचून त्यावर प्लॅस्टिक घातलंय. शाळेच्या फळ्यावर डिसेंबरातली तारीख आहे. म्हणजे आमची माणसं पोचायच्या एखाद-दोन दिवस आधीपर्यंत तिथं वस्ती होती, आणि मग सगळे उठून गेले. कोंबड्या घेऊन! कोंबडी काखोटीला मारून मुंबईला कोण जातं?

मी रवींद्र सरांना हे दाखवलं. ते म्हणाले, "अगं, राखणीला ठेवलेला गडी येत असेल सारवायला." जनगणनेत तिथं माणसं आहेत असं मी म्हटलं, तर म्हणाले की ती जनगणना किती जुनी झाली आहे ते बघ. तेही खरंच आहे.

आता दुसरं कोडं. त्या यंत्रात नुसते आकडे नसतात, आवाजही साठवलेला असतो. मी तो ऐकला. दिवसभर वारा आणि पक्षी. दिवेलागण झाल्यावर मात्र लांबून एक धडधड ऐकू येते. अगदी बारीक. मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, वेग वाढत जातो, एकदम बंद पडते. सर्वेक्षणवाल्यांनी नोंद केली आहे, "अज्ञात यंत्र, बहुधा पंप." अमेय म्हणतो, पंप असा चालत नाही, असा फक्त आमचा जुना मिक्सर चालायचा.

त्यातली पाचेक मिनिटं तोडून सोबत जोडते. हे पाठवायला नको आहे, पण मला राहवत नाही. कोकणात संध्याकाळी असलं कुठलं यंत्र चालतं ते तूच सांगशील. ऐकून झालं की पुसून टाक.

तुझी,
अश्लेषा


कुडाळ
५ मार्च २०२५

चि. अश्लेषा,

उलगडलं. आधी तुझं ते मुंबईचं वाक्य अहवालातून काढ, मग पुढचं वाच.

माझे कान आता जेमतेम. म्हणून शेजारच्या कमलाकरला बोलावलं. तो हायस्कूलचा हेडमास्तर होता आणि आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. त्याला काही न सांगता नुसतं ऐकवलं. ऐकता ऐकता त्याची बोटं खुर्चीच्या हातावर सुरू झाली. म्हणाला, "पंप कसला रे? भजन चाललंय. गजरावर आलेत. वाजवणारा नवशिका आहे, डावा हात ढिला पडतोय."

म्हणजे वाडीत कुणी नाही, पण वाडीपासून लांब, रानात, सगळी वाडी बसून भजन करते आहे. गुरं, कुत्री, कोंबड्यांसकट. मार्गशीर्षात. मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, गावपळण!

तू पुण्यात वाढलीस, तुला ठाऊक नसणार. इकडच्या मोजक्या गावांत ही चाल आहे. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेतात, आणि कौल झाला की अख्खं गाव दारं ओढून घेऊन वेशीबाहेर पडतं. चूल विझवायची, जित्राब म्हणून मागे काही ठेवायचं नाही. तीन दिवस रानात झोपड्या घालून राहायचं. तिथंच रांधायचं, पोरांनी हुंदडायचं, रात्री भजनं. तेवढे दिवस गाव देवाचं आणि त्याच्या सोबत्यांचं. कुणी भुतांचं म्हणतात. माणसानं आत पाऊल घालायचं नाही. मग पुन्हा कौल घेऊन सगळे वाजतगाजत परत.

आणि तुमची माणसं यंत्र घेऊन नेमकी तेव्हाच आत शिरली. घाटावरून, कातळसड्याच्या वाटेनं आली असतील, वेशीवर कुणी भेटलं नसेल. देवानं गाव रिकामं करून घेतलं आणि तुम्ही ते रिकामेपण मोजून सिंगापूरला नेलं! तुला चाकरमानी आठवले यात तुझी एकटीची चूक नाही. मी याच जिल्ह्यात हयात काढली आणि मलाही आधी तेच पटलं होतं.

गाव कुठलं ते विचारत नाही. मी कुठं जाणारही नाही. उपाय सोपा आहे, साध्या दिवशी जाऊन पुन्हा मोजा.

तुझा,
मामा


बुकित बातोक
१६ मार्च २०२५

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून मी घरात मोठ्यानं हसले. गार्गीला सांगितलं तर म्हणाली, "होल व्हिलेज गो कॅम्पिंग आ? ईव्हन द चिकन? सो शिओक ला!" शिओक म्हणजे इकडचं झकास. आता तिला पुढच्या सुट्टीत टॅम्पिनीसच्या मॉलऐवजी तिथं जायचंय.

ऑफिसात मात्र कुणी हसलं नाही. मिस्टर कोह महिनाभर बाहेरगावी आहेत, म्हणून रवींद्र सरांशीच बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकडे खरे आहेत ना? यंत्र खरं, दिवस खरा. मग मी अर्जात काय लिहू, त्या दिवशी भुतं होती म्हणून?" मी म्हटलं, पुन्हा मोजू या. तर त्यांनी नकाशा उघडून दाखवला. वाडी धरली की सुरुंगाची हद्द मागे सरकते, आणि सगळ्यात चांगला दगड त्या पट्ट्यातच आहे. तो गेला की खाण परवडत नाही. कंपनी दुसऱ्या कन्सल्टंटकडे जाईल, तो मोजेल त्याला हवं तसं. "आणि ते मुंबईचं वाक्य तुझं आहे, अश्लेषा. प्रकरणावर नावही तुझंच आहे," असंही म्हणाले. धमकी नव्हती ती. आवाज अगदी मऊ होता, म्हणूनच जास्त लागलं.

एप्रिलअखेर अहवाल जायचाय. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथं काम करायचा परवाना, या वर्षी नव्यानं काढायचाय आणि त्यावर शिफारस रवींद्र सरांची लागते. अमेयचं काम सध्या कंत्राटी आहे, गार्गीची शाळा इथली. मला भीती वाटते, मामा. सरळ सांगते. वाक्य मी अजून काढलेलं नाही. रोज फाइल उघडते, बघते, बंद करते.

एवढं असूनही मनातून कुतूहल जात नाही. ती माणसं परत आली तेव्हा काय म्हणाली असतील? आमची माणसं येऊन गेल्याचं त्यांना कळलं असेल का? तू खरंच तिकडे गेला नाहीस ना?

अश्लेषा


कुडाळ
६ एप्रिल २०२५

चि. अश्लेषा,

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. मी गेलो होतो. रागाव.

पळण पाळणारी गावं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात सिलिकाचा दगड असलेलं एकच. सडेखोल. नाव मी लिहिलंय, तू काही सांगितलेलं नाहीस, तेव्हा तुझ्यावर बालंट नाही. कमलाकरला स्कूटरवर मागे घेतलं आणि निघालो. कुणी विचारलं तर गावपळणीची माहिती गोळा करणारे दोन रिकामटेकडे म्हातारे, एवढंच सांगायचं ठरलं होतं. आणि ते खोटंही नव्हतं.

पहिल्याच घरात मालती म्हणून बाई भेटल्या, सत्तरीच्या, तरतरीत. चहा आला, शहाळं आलं, जेवायचा आग्रह झाला. पळणीच्या गोष्टी सांगताना त्यांचे डोळे लहान पोरीसारखे झाले होते. आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊनू, यंदा एक इपरीत झाला. आमी परत इलो तर खळ्यात बुटांचे ठसे. शाळेच्या वट्यावरय. राखणदार बूट घालून येता काय?"

राखणदार म्हणजे गाव राखणारा देव. वाडी तेव्हापासून हवालदिल आहे. सारवलेल्या खळ्यात ठसे अगदी स्पष्ट उमटले होते. कुणी म्हणतं चोर, तर एका सुपारीचंही खांड गेलेलं नाही. कुणी म्हणतं पळण बाटली, पुन्हा करायला हवी. दोनदा कौल लावला, देव स्पष्ट बोलेना. एका घरचं लग्न लांबणीवर टाकलंय. मालतीबाई रोज संध्याकाळी गाऱ्हाणं घालतात, "कोण इल्लो ता तरी कळू दे रे म्हाराजा."

तिकडे तुम्ही विचारताय की माणसं कुठं गेली, आणि इकडे हे विचारतायत की आलं कोण. आणि दोन्हीची उत्तरं माहीत असलेला मी मध्ये चहा पीत बसलो होतो. तोंडातून अक्षर काढलं नाही, तुझ्या नोकरीसाठी. निघताना त्या म्हणाल्या, "परत येवा हां." मी हो म्हणून आलोय.

भीती मलाही कळते. मी सरकारी नोकरी केली आहे, मऊ आवाजात बोलणारे साहेब मीही पाहिलेत. तू अमुक कर असं सांगणार नाही. फक्त त्या बाईंना मी काय सांगू, ते कळव.

मामा


बुकित बातोक
२० एप्रिल २०२५

प्रिय मामा,

रागावले होते, दोन दिवस. मग बुटांचे ठसे डोळ्यांपुढून जाईनात. तिसऱ्या दिवशी ते वाक्य काढलं. काढल्यावर प्रकरणात भोक पडल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून त्या जागी जे झालं ते लिहिलं आणि मिस्टर कोह परतल्यावर त्यांच्याकडे गेले.

त्यांनी ऑफिसात ऐकून घेतलं नाही. म्हणाले, तू बुकित बातोकला राहतेस ना, शनिवारी सकाळी तिथल्या हॉकर सेंटरला भेटू. कोपी घेतली, मग चालत आमच्या त्या तळ्यावर आलो. मी सगळं सांगितलं. कोंबड्या, पखवाज, मालतीबाई, ठसे. ते मध्ये एकदाच बोलले, "कोंबड्याही नेतात? सगळ्या?" मग समोरच्या कड्याकडे बोट केलं.

मामा, ते याच खाणीशेजारी वाढले आहेत. तेव्हा इथं इमारती नव्हत्या. पत्र्याच्या छपरांची वस्ती होती, डुकरं होती, भाज्यांचे मळे होते. दुपारी खाणीचा भोंगा वाजला की सगळ्यांनी चुलीवरचं उतरवून मोठ्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. त्यांच्या आजीला पाठुंगळीला घेऊन जात. सुरुंग उडायचे, धूळ बसायची, दुसरा भोंगा वाजला की घरी. रोज. "रोज थोडा वेळ आमचं गावही रिकामं असायचं," ते म्हणाले. "त्या वेळात कुणी यंत्र घेऊन आलं असतं, तर आम्ही कागदावर नसतोच." इतकं बोलून ते नाक शिंकरायला वळले. मला वाटतं, डोळे पुसत होते.

सोमवारी निर्णय झाला. अहवाल महिनाभर पुढं, आणि नवी मोजणी, घरोघर जाऊन, वाडीला आधी सांगून. कंपनीला अजून आवडलेलं नाही, कदाचित ती जाईल आणि तिच्याबरोबर माझं कामही. पासची शिफारस मात्र कोह स्वतः करणार आहेत. रवींद्र सर माझ्याशी फक्त ई-मेलवर बोलतात. भीती गेलेली नाही, पण फाइल आता एकदाच उघडते.

मालतीबाईंना काही सांगू नकोस. आमचीच माणसं सांगतील, त्यांनीच सांगायला हवं. आणि मोजणीची तारीख मी तुला कळवणार नाही. तू त्या दिवशी तिथं दिसलास तर रवींद्र सर म्हणतील, गर्दी जमवली. शपथ आहे तुला.

तुझी,
अश्लेषा


कुडाळ
१८ मे २०२५

चि. अश्लेषा,

शाबास. याहून जास्त लिहीत नाही, डोळे दगा देतात.

मोजणी झाली. मला कसं कळलं? मालतीबाईंनी फोनवर सांगितलं. मी अर्थातच इथं घरी होतो, कमलाकर साक्षीला आहे.

तर तुमची माणसं आली. त्यातला एक डिसेंबरातलाच होता, चंद्रशेखर नावाचा, नागपूरकडचा. त्यानं वेशीवरच बूट काढले आणि हातात घेऊन वाडीत आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "तेव्हा मीच आलो होतो. आम्हाला माहीत नव्हतं." मालतीबाईंनी बूट त्याच्या हातातून घेऊन उलटे केले, तळ नीट पाहिला आणि ओरडल्या, "ह्येच ते! ह्येच!" अख्खी वाडी तो बूट बघायला जमली. एक म्हातारी म्हणे रडली. माणूसच होता, एवढं कळल्याचा केवढा आनंद! त्याला घावणे खाऊ घातले, रस घातला, आणि थांबलेल्या लग्नाचं आमंत्रणही दिलं. बिचारा घरोघर माणसं मोजत होता आणि घरोघर खात होता.

खाणीचं अजून काही ठरलेलं नाही. मालतीबाईंच्या पुतण्याला खाण हवी आहे, त्याला ट्रक घ्यायचाय. त्या म्हणतात, माझ्या विहिरीला तडा गेला तर पाणी ट्रकातून आणणार काय? घरात रोज जुंपते. पण जनसुनावणीत आता वाडीचं नाव असेल. भांडण त्यांचं आहे, तर निदान ते त्यांना सरकारसमोर उभं राहून करता येईल.

त्यांनी एक विचारलंय. खाण झालीच, तर पळणीच्या दिवसांत ती बंद ठेवायची अट परवानगीत घालता येईल का? तारीख विचारली तर म्हणतात, ती देव सांगेल. माझ्या अख्ख्या नोकरीत अशी अट पाहिली नाही. पण घालता येणार नाही, असं कुठल्या नियमात लिहिलेलंही आठवत नाही.

तुझा आज्ञाधारक,
मामा


बुकित बातोक
१ जून २०२५

प्रिय मामा,

"आज्ञाधारक" वाचूनच मला शंका आली होती.

सडेखोलचा नवा आवाज परवा माझ्याकडे आला. आता नाव लिहायला हरकत नाही, अहवालात छापलंय. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या स्पीकरवर लावला. काय सांगू तुला! पहाटे कोंबडे एकमेकांना उत्तरं देतात. कुत्री भुंकतात, निदान चार तरी. कुणाचा तरी मिक्सर, कुणाची तरी टीव्हीवरची मालिका, कळशी विहिरीच्या कठड्याला आपटते ती. एक बाई सतत कुणाला तरी हाका मारते, ती मालतीबाईच असणार. मी नुसती ऐकत बसले. डिसेंबरातली ती शांतता मला तेव्हा किती खरी वाटली होती.

आणि मग सकाळच्या चहाच्या वेळेला आकड्यांचा आलेख सरळ वर चढला. संपूर्ण मोजणीतला सगळ्यात मोठा आवाज. कुत्री गप्प झाली, कुणाच्या तरी हातून कपबशी पडली, आणि त्या बाई म्हणाल्या, "शंभर वर्सां जगा, भाऊनू!" गार्गी आतल्या खोलीतून पळत आली. "मामाआजोबा कम ऑलरेडी आ?"

शपथ घातली होती मी तुला. तारीख कशी कळली ते विचारत नाही, मालतीबाईंनीच जेवायला बोलावलं असणार. कमलाकरकाकांना साक्षीला ठेवलंस म्हणतोस, तर त्यांचंही हसू ऐकू येतंय पुढं.

रवींद्र सरांनी दीड महिन्यात पहिल्यांदा फोन केला. काळजीनं विचारत होते, तिथं आधीच कुणी चोरून सुरुंग लावतंय का. मी म्हटलं, नाही सर, तपासलंय. तुझा तो आवाज मी सरासरीतून वगळला, कारण तू वाडीतला नाहीस आणि मला पुन्हा चूक करायची नाही. तो वगळूनही वाडी चांगली गजबजलेली निघाली. कोह यांनी त्यावर सही केली. अहवाल गेला. कंपनी राहते की जाते ते महिन्याभरात कळेल, पास येतो की नाही तेही. पळणीच्या दिवसांची अट मी सूचनांमध्ये घातली आहे, "तारीख ग्रामदेवतेच्या कौलानुसार" असं लिहून. कोह म्हणाले, त्यातला एक शब्दही बदलायचा नाही.

एक गोष्ट मात्र उरली होती. तक्त्यात सर्वांत मोठ्या आवाजापुढं तो कशाचा ते लिहावंच लागतं, सरासरीत धरा की न धरा. चारच पर्याय असतात: वाहन, यंत्र, प्राणी, वस्ती. पाहुणा असा पर्याय नाही. मी बराच वेळ विचार केला. मग मनात आलं, जिथं सकाळी सकाळी कुणी पाहुणा चहाला येऊन बसतो, शिंकतो, आणि घरची बाई त्याला शंभर वर्षांचं आयुष्य देते, त्या जागेला दुसरं काय म्हणतात?

मी लिहिलं: वस्ती.

तुझी,
अश्लेषा